जुनी जीप उभी करताना: काय जुनं ठेवायचं, काय नवं घालायचं

पुण्याजवळ धायरीतल्या ज्या गॅरेजमध्ये माझी सीजे-३बी, म्हणजे महिंद्राची जुनी पेट्रोल जीप, तीन पावसाळे उभी होती, तिथल्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता. "साहेब, गाडी फिरवायचीये का दाखवायचीये?" मी ऐटीत म्हटलं, "दोन्ही." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, चहा सांगितला आणि म्हणाले, "मग खर्च दुप्पट आणि वेळ तिप्पट."

हिशेब चुकला नाही. पण त्या तीन पावसाळ्यांत मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर दोन पावसाळे तरी वाचले असते. युद्धकाळातली अमेरिकन विलीज असो, महिंद्राची सीजे असो, महिंद्राचीच डिझेल एमएम५४० असो की मारुतीची जिप्सी, नवख्या माणसाची गाडी अडते ती एकाच जागी: हा पार्ट ओरिजनल शोधत बसू की नवा चांगला घालून मोकळा होऊ? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. जे बोल्टने बसतं ते खुशाल बदला, जे कापून-वेल्डिंग करून बसवावं लागतं त्याला हात लावू नका. ब्रेक आणि रबर या दोन बाबतींत मात्र जुन्याचा हट्ट अजिबात धरू नका.

पायरी १: आधी कागद, मग पाना

जीप बघायला जाताना टॉर्च आणि आरसीची झेरॉक्स घेऊन जा. चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) ठोकलेला नंबर, इंजिनचा नंबर, इंधन, रंग आणि सीटची संख्या आरसीशी जुळवून बघा. चासी नंबरवर गंज असेल तर वायर ब्रश आणि थोडं डिझेल पुरे. तिथे ग्राइंडर लावणाऱ्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका. नंबर पुसट झाला की पुढे आरटीओत तुम्ही खरेदीदार न राहता संशयित होता.

हे सगळं पार्टच्या निवडीशी कसं जोडलेलं आहे ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने मुळात जे दिलं आणि आरसीत जे नोंदलं, त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली. म्हणजे पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकणं हा नुसता मेकॅनिकचा विषय उरत नाही.

दुसरी बाजू जास्त गंमतशीर आहे. जुलै २०२१मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५०पेक्षा जास्त वर्षं झालेली, व्यावसायिक वापर नसलेली गाडी त्यात बसते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. नव्याने नोंदवलेल्या गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. माझी १९६६ची जीप वयाने त्यात बसत होती. मी तरी साध्या नोंदणीतच ठेवली, कारण मला रविवारी पानशेतला जायचं असतं आणि दर वेळी रॅलीचं निमित्त कुठून आणणार? पण इंजिन आणि चासी मूळचीच ठेवली, म्हणजे उद्या मन बदललं तर दार उघडं आहे. ते दार एकदा गॅस कटरने बंद केलं की परत उघडत नाही.

साधी नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आरसीची मुदत संपलेली गाडी "होऊन जाईल हो सगळं" म्हणत कुणी गळ्यात मारत असेल, तर ते सगळं त्यालाच करून द्यायला सांगा.

आणि हो, रंग. प्रत्येकाला जीप मिलिटरीच्या हिरव्या रंगात हवी असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे. एका मित्राने हौसेने गाडी तशी रंगवली आणि तपासणीच्या वेळी पुन्हा रंगवली. दोन वेळच्या रंगाच्या पैशात त्याचे चार टायर आले असते.

पायरी २: कुठे फिरवणार ते कागदावर लिहा

शहरात की घाटात? एकटे की घरच्यांसोबत? पावसात? एवढंच लिहा. कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला उभं राहणाऱ्या गाडीला रेडिएटर आणि चार्जिंग चांगलं लागतं. ताम्हिणीत उतरणाऱ्या गाडीला ब्रेक. मागे पोरं बसणार असतील तर सीटबेल्ट लावायचेच, मूळ गाडीत होते का नव्हते हा प्रश्न विचारायचा नाही. बेल्टचा बोल्ट नुसत्या पत्र्याला नको, खाली जाड प्लेट घालून पक्का करा.

पायरी ३: उघडताना घाई नको

प्रत्येक नट सोडण्याआधी फोटो, प्रत्येक पार्टला पिशवी, पिशवीत चिठ्ठी. काढलेला कुठलाही मूळ पार्ट भंगारात जाऊ देऊ नका, मोडका असला तरी. मोडका पार्ट म्हणजे लेथवाल्यासाठी नमुना. भोसरीच्या एमआयडीसीत नमुना दाखवला की बुश, पिन, शाफ्ट काय हवं ते वळून देणारी माणसं आहेत. नमुना नसला की तीच माणसं तुमच्याकडे बघत राहतात.

पायरी ४: ब्रेक

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी चूक इथलीच आहे.

जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा तो) निघणारी एकच लाइन. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. मला नाना पेठेत एका दुकानदाराने आतल्या फळीवरून जुन्या कंपनी पॅकिंगमधली व्हील सिलिंडरची रबरं काढून दिली. पिवळं पडलेलं खोकं, जुनं छापील लेबल; मी तर हरखलोच. ती बसवून महिन्याभरात, खेड शिवापूरकडून परत येताना जुन्या कात्रज घाटात पेडल सरळ जमिनीला टेकलं. दुसरा गिअर होता म्हणून वाचलो. हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूला चाकं घासत गाडी थांबवली. रबर खोक्यात ठेवलं तरी म्हातारं होतंच. त्याला काळ लागतो, वापर लागतो असं नाही. त्या दिवसापासून गाडीत एकही जुनं रबर नाही: ब्रेकचे होज, कप, सील, क्लचचं किट, सगळं ताज्या तारखेचं.

आता बदल काय करायचा? पहिला आणि सर्वांत शहाणा बदल म्हणजे दोन लाइनचा, म्हणजे टँडम, मास्टर सिलिंडर. पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी. एक गेली तरी दुसरी उरते. सीजेमध्ये मास्टर सिलिंडर फ्लोअरच्या खाली चासीला असतो. तिथेच ब्रॅकेट करून टँडम बसवता येतो, काही कापावं लागत नाही. बरेच जण तो वर फायरवॉलवर (इंजिन आणि ड्रायव्हरच्या मधल्या पत्र्यावर) आणतात, लटकते पेडल लावतात, पेडलला जोर देणारा मोठा बूस्टर बसवतात. दिसायला झकास, पण फायरवॉल कापली जाते. मला विचाराल तर नको.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावायची हौस असेल तर दोन गोष्टी आधी बघा. एक, तुमच्या रिममध्ये कॅलिपर (पॅडने डिस्क चिमटीत धरणारा भाग) मावतो का. १६ इंची रिमला अडचण सहसा येत नाही, १५ इंचीला येऊ शकते. दोन, ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब लाइनमध्ये धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमच्या लाइनला साधारण १० पीएसआय दाब चालतो, डिस्कला तोच दाब गेला तर पॅड कायम घासत राहतात आणि चाक तापतं. उलट फ्लोअरखालचा सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली असतो, म्हणून डिस्कच्या लाइनला काहीच व्हॉल्व्ह नसेल तर ऑइल मागे उतरतं आणि पेडल दोनदा मारावं लागतं. तिथे २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो. "डिस्क लावली पण ब्रेक धड लागत नाही" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची गोष्ट इथे संपते.

बूस्टर हवाच असेल तर पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतो. डिझेलला तो मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो बहुतेकदा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या मागे जोडलेला येतो. एमएम५४०वाल्यांनी अल्टरनेटर बदलताना हे विसरू नये.

सीजेचा हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवरच्या ड्रमला असतो. तो आहे तसाच ठेवा, नीट चालू करा, पण धावत्या गाडीत ओढायची सवय लावून घेऊ नका. मी ओढला होता, कारण दुसरं काही उरलं नव्हतं.

पायरी ५: वीज

वायरिंग नवीन करा. पूर्ण. कापडी आवरणाच्या जुन्या वायरी हातात घेतल्या की भुगा होतो. रंग मूळचे ठेवा, रूटिंग मूळचं ठेवा, पण आत फ्यूज बॉक्स आणि हेडलाइटला रिले घाला. बाहेरून कुणाला कळणारही नाही.

डायनमो की अल्टरनेटर? डायनमो आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही. रात्री सिग्नलला उभं राहिलं की हेडलाइट पिवळे पडतात आणि वायपर झोपतो. अल्टरनेटर जुन्याच जागी बोल्टने बसतो, म्हणून माझ्या नियमात बसतो. मात्र एक मेख आहे. डॅशबोर्डवरच्या, करंट दाखवणाऱ्या अँमीटरमधून गाडीचा सगळा करंट जातो आणि तो मीटर डायनमोच्या तुटपुंज्या करंटसाठी बनवलेला असतो. मोठा अल्टरनेटर लावून तीच वायर ठेवली तर मीटरच्या मागे वास यायला लागतो. चार्जिंगची जाड वायर मीटरला वळसा घालून थेट बॅटरीला न्या. काटा शोभेपुरता राहिला तरी चालेल.

युद्धकाळातली विलीज ६ व्होल्टवर चालते. तिला १२ करायचं तर बल्ब, कॉईल, मीटर, सगळंच बदलावं लागतं. फक्त प्रदर्शनात नेणार असाल तर ६ व्होल्टच राहू द्या. जाड बॅटरी केबल आणि स्वच्छ अर्थिंग मिळालं की सेल्फ छान फिरतो.

एलईडी बल्ब जुन्या काचेत टाकू नका. आपल्याला लांबचं दिसत नाही आणि समोरचा शिव्या देतो.

पायरी ६: इंजिन

सीजे-३बीचं बॉनेट इतकं उंच का, असं पोरं विचारतात. तिचं हरिकेन इंजिन एफ-हेड आहे: इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. आधीच्या इंजिनापेक्षा उंची वाढली, म्हणून बॉनेट वर गेलं. १३४ घनइंच, म्हणजे साधारण २.२ लीटर, आणि लांब स्ट्रोक. वेगात ते आनंद देणार नाही, पण लो गिअरमध्ये मुळशीच्या चिखलातून बैलासारखं चालत राहतं. ट्रान्सफर केसचा लो रेशो २.४६ आणि अ‍ॅक्सलचा ५.३८ असताना वेगाची अपेक्षा करणंच चूक. ताशी ६०-६५वर गाडी खूश असते, त्यापुढे ती ओरडते.

म्हणून लोक काय करतात? डिझेल इंजिन टाकतात. "अॅव्हरेज वाढतं" हे खरं. पण डिझेल जड असतं, पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, माउंटिंगसाठी चासीवर वेल्डिंग येतं, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलते, आरसीचा प्रश्न उभा राहतो आणि विंटेजचं दार बंद होतं. एवढं करून अ‍ॅक्सलचा रेशो तोच राहिला तर वेगही मिळत नाही. ज्या गाडीच्या आरसीवर आधीपासून डिझेल रीतसर चढलेलं आहे, तिला डिझेलच ठेवा. उलट्या दिशेने हट्ट करून पेट्रोल इंजिन शोधत फिरण्यातही अर्थ नाही. एमएम५४०चं २११२ सीसीचं प्युजो डिझेल तर मुळातच तिचं आहे, त्याचं काम काढा आणि सुखाने चालवा.

निर्णयाआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे असतील तर इंजिन उघडूच नका. नुसता धूर बघून इंजिन खोलणारे मिस्त्री खूप आहेत. धूर कधीकधी कार्बोरेटरचा असतो.

ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन हा माझा आवडता बदल. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली लपतो, सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठते. पण तो गेला तर रस्त्यात दुरुस्त होत नाही. जुनी बेसप्लेट, पॉइंट आणि कंडेन्सर डॅशच्या कप्प्यात ठेवा, सोबत गॅप मोजायचं फिलर गेज. ०.५ मिलिमीटर गॅप लावायला दहा मिनिटं लागतात, आणि घाटात टपरीवाल्याकडेही स्क्रू-ड्रायव्हर मिळतो.

पेट्रोलकडे लक्ष द्या. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या काळचं रबर आणि कॉर्क त्यात फुगतं, सैल होतं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि लोखंडी टाकी आतून गंजते. इंधनाचे सगळे होज आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालणाऱ्या प्रतीचा घ्या. काचेच्या वाटीचा मूळ पंप ठेवा, तो बघायलाही गोड आहे आणि वाटीत खाली साठलेलं पाणी डोळ्यांनी दिसतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

पायरी ७: स्टिअरिंग, पाटे, टायर

स्टिअरिंगचा खेळ बघून लोक लगेच पॉवर स्टिअरिंगवर उडी मारतात. आधी टाय रॉड एंड, किंगपिनचे बेअरिंग आणि मधला बेलक्रँक तपासा. निम्मा खेळ तिथेच असतो. रुंद टायर लावले की स्टिअरिंग जड होतं, मग पॉवर लावावंसं वाटतं, मग ब्रॅकेटसाठी चासी कापली जाते. एका हौसेच्या पोटी दुसरी जन्मते. मूळ ६.००-१६ मापाचे अरुंद टायर लावा आणि गाडी हातात किती हलकी होते ते अनुभवा.

रेडियल चालतील, पण चारही रेडियल हवेत. नायलॉन आणि रेडियल मिसळू नका. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचायला शिका: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरलेली असली तरी दहा वर्षांचा टायर कडक झालेला असतो.

पायरी ८: बॉडी

तयार बॉडी मागवायची की जुनी दुरुस्त करायची, यावर पुण्यात दोन तट आहेत. हरियाणातल्या मंडी डबवालीहून तयार जीप आणि बॉड्या येतात. स्वस्त पडतात, लवकर मिळतात. जुन्या बॉडीचा फ्लोअर आणि मागचे कोपरे सडलेले असतील, पण बाजू आणि फायरवॉल शाबूत असेल, तर मी जुनीच ठेवीन. सडलेला भाग तेवढा कापून त्याच जाडीचा पत्रा जोडून घ्या. हा एकच अपवाद जिथे मी कापायला हो म्हणतो, कारण मेलेलं कापतोय, जिवंत नाही. घेण्याआधी खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

पायरी ९: माल कुठून आणायचा

नाना पेठेतल्या गल्ल्या पायी फिरा, फोनवर विचारू नका. फोनवर सगळ्यांकडे सगळं असतं. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे मीटर, लाइटच्या रिंगा, आरसे, जुने पाने असं काही ना काही हाती लागतं, पण ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा पार्ट तिथून कधीही उचलू नका. जिप्सीवाल्यांना हा सगळा त्रास नाही. १९८५पासून ती इतकी वर्षं विकली गेली आणि लष्कराने इतकी वापरली की तिचा माल अजून सहज मिळतो.

दुकानदाराला "ओरिजनल द्या" म्हणू नका. तो ओरिजनलच देतो, नेहमी. "कुठल्या सालचा, कुठल्या कंपनीचा आणि बसला नाही तर परत घेणार का" एवढं विचारा. लोखंड जुनं चालेल: गिअर, शाफ्ट, ब्रॅकेट, पाट्याच्या पिना. जुन्या साठ्यातलं लोखंड कधीकधी नव्या लोकल मालापेक्षा चांगलंच निघतं. रबर, बेल्ट, ब्रेक ऑइल आणि वायर मात्र ताजीच.

पायरी १०: पहिले पाचशे किलोमीटर

काम झालं की लगेच महाबळेश्वर नको. पहिल्या ५० किलोमीटरनंतर व्हील नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवे पाटे बसतात आणि बोल्ट सैल पडतात. प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रमला हात लावून बघा, एखादं चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक घासतोय. चासीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी त्यावरचे डाग वाचा: तांबूस पारदर्शक असेल तर ब्रेक ऑइल, हिरवट असेल तर कूलंट, काळं असेल तर इंजिन. जीपखाली पुठ्ठा कोरडा सापडला तर आधी ऑइल आहे का ते तपासा.